नेटवर्क स्विच

नेटवर्क स्विच : कार्यालय, रुग्णालय, बँक, महाविद्यालय, कारखाना इ. ठिकाणचे संगणक, मुद्रक, दूरध्वनी, कॅमेरे यांसारखी साधने तारांनी एकत्र जोडून त्यांच्यामध्ये माहितीची देवाणघेवाण घडवून आणणारे इलेक्ट्रॉनीय उपकरण. दिवा लावण्याच्या बटणासही व्यवहारात स्विच म्हणतात. परंतु प्रस्तुत उपकरणाचे साधर्म्य त्या बटणापेक्षा जुन्या दूरध्वनी केंद्रातील जोडणीफलकाशी अधिक आहे. ज्याप्रमाणे तेथील कर्मचारी बोलणाऱ्याची तार नेमक्या इच्छित व्यक्तीच्या तारेशी जोडून देत असे, त्याप्रमाणे स्विच आलेली माहिती केवळ ज्या साधनासाठी ती असेल त्याच तारेवर पाठवितो. फरक इतकाच, की हे काम तो दर सेकंदास लक्षावधी वेळा व कोणाच्याही मदतीवाचून करतो.

स्विचचे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र तो बंद पडला, की रोखपालाचा पडदा, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल, गोदामातील नोंद व टेबलावरील दूरध्वनी ही सर्व एकाच वेळी थांबतात. अशा बिघाडांपैकी बरेचसे उपकरणाच्या अंगभूत दोषामुळे नव्हे, तर अयोग्य जागा, सदोष तारा, अपुरे नियोजन व नोंदींचा अभाव यांमुळे उद्भवतात. म्हणून स्विचची उभारणी, चालन व देखभाल यांस त्याच्या खरेदीइतकेच महत्त्व आहे.

इतिहास : स्थानिक जाळ्यांत सर्वत्र वापरली जाणारी ईथरनेट ही पद्धती झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो (कॅलिफोर्निया) येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी सुचविली व डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणली. डिजिटल इक्विपमेंट, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० मध्ये तिचे संयुक्त प्रमाण प्रसिद्ध केले आणि १९८३ मध्ये आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३ या क्रमांकाचे प्रमाण संमत केले. आरंभीच्या ईथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच समाक्ष तारेवर जोडलेले असत. एका वेळी एकच संगणक बोलू शके. दोघे एकदम बोलू लागल्यास संदेशांची टक्कर होऊन दोघांनाही थांबावे लागे. पुढे तारा एका पेटीत आणणारे हब आले. परंतु हब हा आलेला संकेत सर्व तारांवर जसाच्या तसा पुढे पाठवीत असल्याने ही अडचण दूर झाली नाही.

जाळ्याचे दोन भाग करून एका भागातील अनावश्यक माहिती दुसऱ्या भागात जाऊ न देणारा ब्रिज १९८०–९० या दशकात प्रचारात आला. अनेक ब्रिज जोडल्यास निर्माण होणारी बंद वलये आपोआप खंडित करणारी स्पॅनिंग ट्री ही रीती डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधून काढली. पुष्कळ दारांचा व वेगवान असा ब्रिज म्हणजेच स्विच. कल्पना या अमेरिकन कंपनीने १९९० मध्ये सात दारांचा पहिला ईथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे अभियंते या कंपनीचे एक संस्थापक होते. सिस्को सिस्टिम्स या कंपनीने १९९४ मध्ये ती विकत घेतली. त्यानंतरच्या काळात स्विचची किंमत घटत गेली व हब व्यवहारातून जवळजवळ नाहीसे झाले. वेगही वाढत गेला : १९९० मध्ये पिळाच्या तारेवर सेकंदाला १० मेगॅबिट, १९९५ मध्ये १०० मेगॅबिट, १९९९ मध्ये १ गिगॅबिट व २००६ मध्ये १० गिगॅबिट या वेगांची प्रमाणे संमत झाली.

कार्यपद्धती : स्विचच्या दर्शनी बाजूस असलेल्या, तार जोडावयाच्या खाचेस पोर्ट म्हणतात. साधने परस्परांस जी माहिती पाठवितात तिचे लहान लहान तुकडे केलेले असतात. अशा प्रत्येक तुकड्यास फ्रेम म्हणतात. फ्रेमची लांबी सर्वसाधारणपणे ६४ ते १,५१८ बाइट असते व तिच्या आरंभी घेणाऱ्याचा आणि पाठविणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. हा पत्ता ४८ बिटांचा असून साधनाच्या निर्मितीच्या वेळीच त्यास दिलेला असतो. त्यास मॅक पत्ता ही संज्ञा आहे.

स्विच आपल्या स्मृतीत एक कोष्टक ठेवतो. क या संगणकाने पहिल्या पोर्टमधून फ्रेम पाठविली, की तिच्यावरील पाठविणाऱ्याचा पत्ता वाचून ‘क हा पहिल्या पोर्टवर आहे’ अशी नोंद स्विच करतो. फ्रेम ख या संगणकासाठी असेल आणि ख कोठे आहे हे अद्याप ठाऊक नसेल, तर ती पहिले पोर्ट सोडून अन्य सर्व पोर्टांवर पाठविली जाते. ख ने उत्तर दिले, की त्याचेही स्थान कळते आणि तेथून पुढे क व ख यांचे संभाषण केवळ त्या दोन पोर्टांपुरते राहते. काही काळ एखाद्या पत्त्यावरून फ्रेम आली नाही, तर त्याची नोंद पुसली जाते. हा काळ बहुधा ३०० सेकंद ठेवलेला असतो. साधन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलविले तरी जाळे चालू राहते, ते या शिकण्याच्या गुणामुळेच. तथापि जे जोडले जाईल त्यावर स्विच विश्वास ठेवतो, ही या गुणाची दुसरी बाजू होय. पुढे वर्णिलेल्या बहुतेक दक्षता तिच्यामुळेच घ्याव्या लागतात.

बहुतेक स्विच संपूर्ण फ्रेम आत घेऊन, तिच्या शेवटी असलेल्या तपासणी अंकावरून ती निर्दोष असल्याची खात्री करून मगच पुढे पाठवितात. १ गिगॅबिट वेगाने १,५१८ बाइटची फ्रेम आत येण्यास सु. १२ मायक्रोसेकंद लागतात. खराब झालेली फ्रेम टाकून देण्यात येते व तिची मोजणी ठेवली जाते. बिघाडाचा शोध घेताना ही मोजणी फार उपयोगी पडते.

प्रकार व निवड : स्विचचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारच्या साध्या स्विचमध्ये तार जोडली की काम सुरू होते. त्यास सूचना देता येत नाहीत व त्याच्याकडून माहितीही मिळत नाही. दुसऱ्या प्रकारातील, मॅनेज्ड स्विच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्विचला स्वतःचा पत्ता असतो. त्यास सूचना देता येतात, पोर्टनिहाय स्थिती पाहता येते व दुरून देखरेख ठेवता येते. घर वा लहान दुकान यांस पहिला प्रकार पुरतो. जेथे एकाहून अधिक स्विच आहेत किंवा काम थांबल्यास नुकसान होते, तेथे दुसराच प्रकार योग्य ठरतो. काही स्विच राउटरप्रमाणे एका उपजाळ्यातून दुसऱ्या उपजाळ्यात माहिती नेण्याचे कामही करतात. मोठ्या संस्थेत असे स्विच मध्यभागी असतात आणि मजल्यामजल्यावरील स्विच त्यांस जोडलेले असतात.

निवड करताना पोर्टांची संख्या आजच्या गरजेहून थोडी अधिक असावी. सर्व पोर्ट दोन्ही दिशांनी पूर्ण वेगाने चालली, तरी अडथळा येऊ नये इतकी अंतर्गत क्षमता स्विचला असली पाहिजे. १ गिगॅबिटच्या २४ पोर्टांसाठी ती सेकंदाला ४८ गिगॅबिट होते. दूरध्वनी, कॅमेरे व बिनतारी प्रक्षेपक यांस माहितीच्याच तारेतून वीज पुरविण्याची सोय अनेक स्विचमध्ये असते. पीओई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सोयीच्या प्रमाणांनुसार प्रत्येक पोर्टमागे १५·४ वॉट (२००३), ३० वॉट (२००९) व ९० वॉटपर्यंत (२०१८) वीज देता येते. मात्र स्विचची एकूण वीज मर्यादित असते. ३७० वॉट क्षमतेचा स्विच १५·४ वॉटप्रमाणे २४ पोर्टांस वीज देऊ शकेल. परंतु प्रत्येक साधनास ३० वॉट लागत असल्यास केवळ १२ पोर्टांनाच पुरेल. हा हिशेब न करता एकामागून एक कॅमेरे जोडत गेल्यास एखादे दिवशी शेवटचा कॅमेरा सुरूच होत नाही आणि दोष मात्र कॅमेऱ्यास दिला जातो.

उभारणी : जागा : व्यवसायोपयोगी स्विच बहुधा १९ इंची, म्हणजे सु. ४८ सेंमी. रुंदीच्या उभ्या चौकटीत बसवितात. या चौकटीस रॅक म्हणतात. तिच्या उंचीचे एकक १·७५ इंच (४·४५ सेंमी.) असून बहुतेक स्विच एक एकक उंचीचे असतात. जड वस्तू, विशेषतः यूपीएसच्या बॅटऱ्या, रॅकच्या तळाशी ठेवतात, म्हणजे तोल राहतो. कार्यालयीन वापराचे बरेच स्विच ४०° ते ५०° से. तापमानापर्यंत चालतात, तथापि ही मर्यादा खोलीच्या तापमानाची नसून स्विचमध्ये शिरणाऱ्या हवेची असते. बंद कपाटातील हवा खोलीतील हवेपेक्षा पुष्कळ उष्ण असू शकते. म्हणून हवा आत येण्याच्या व बाहेर पडण्याच्या बाजू मोकळ्या ठेवतात. जिन्याखालील कोनाडा, पाण्याच्या टाकीलगतची भिंत, पाणी ठिबकणाऱ्या वातानुकूलन यंत्राखालची जागा व साफसफाईचे सामान ठेवण्याची खोली ही स्थाने वर्ज्य समजावी. कोकण किनाऱ्यासारख्या प्रदेशात दमट, खारट हवेने धातूचे संपर्कबिंदू गंजतात. तेथे न वापरलेल्या पोर्टांस टोप्या लावणे हितकारक ठरते. उंदीर तारा कुरतडतात व पाली उबेसाठी उपकरणात शिरतात, म्हणून तारांची छिद्रे बुजवून घेतात.

वीज : स्विचला स्वतंत्र परिपथावरून व यूपीएसमार्फत वीज द्यावी. यूपीएसची क्षमता ठरविताना स्विचची स्वतःची गरज व पोर्टांतून दिली जाणारी वीज या दोन्हींची बेरीज धरावी लागते. रॅक, स्विच व तारांचे धातूचे आवरण यांचे भूसंपर्कन, म्हणजेच अर्थिंग, आवश्यक असते. भारतात त्यासाठी आय. एस. ३०४३ हे मानक उपलब्ध आहे. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार नेणे टाळावे. दोन इमारतींच्या भूसंपर्कनांच्या विद्युत् दाबांत फरक असू शकतो आणि जवळपास वीज कोसळल्यास तारेतून येणारा दाब दोन्ही टोकांची उपकरणे निकामी करतो. प्रकाशीय तंतू विजेचा वाहक नसल्याने इमारतींमध्ये त्याचाच वापर करतात. मात्र तंतूच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातून येणारा लेसर प्रकाश बहुधा अदृश्य असूनही डोळ्यास अपायकारक ठरू शकतो.

तारा : तांब्याच्या तारेत आठ तारांचे चार पीळ असतात. स्विचपासून साधनापर्यंतची एकूण लांबी १०० मी. हून अधिक नसावी. त्यांपैकी ९० मी. भिंतीतील कायम तारेसाठी व उरलेली १० मी. दोन्ही टोकांच्या जोडतारांसाठी धरतात. गिगॅबिट वेगास पाच-ई वर्गाची तार पुरते. १० गिगॅबिट वेगास पूर्ण १०० मी. साठी सहा-ए वर्गाची तार लागते. तार तिच्या जाडीच्या चौपटीहून कमी त्रिज्येत वाकवू नये, ओढून ताणू नये, पट्ट्यांनी करकचून आवळू नये आणि विजेच्या तारांपासून अंतर राखून न्यावी. टोक बसविताना पीळ शक्यतो कमी उसवावेत. तांब्याचा केवळ मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त तारा टाळाव्यात. त्यांचा रोध अधिक असल्याने त्यांतून वीज पुरविताना त्या तापतात. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लावणे व तो वहीत नोंदविणे हे उभारणीच्या दिवशी क्षुल्लक वाटणारे, परंतु पुढे सर्वाधिक वेळ वाचविणारे काम होय.

कार्यारंभ : स्विचने कसे वागावे हे ठरविणाऱ्या सूचनांच्या संचास कॉन्फिगरेशन म्हणतात. पहिल्या सूचना बहुधा कन्सोल या खास पोर्टमधून देतात. प्रथम कारखान्यात घातलेला परवलीचा शब्द बदलतात. नंतर स्विचला स्थान सुचविणारे नाव, देखरेखीसाठीचा पत्ता व अचूक वेळ देतात. सर्व स्विचची वेळ जुळलेली नसल्यास नोंदींवरून घटनांचा क्रम लावता येत नाही.

यानंतर जाळ्याचे विभाजन करतात. एकाच स्विचवरील पोर्टांचे वेगवेगळे गट पाडून जणू स्वतंत्र स्विच असल्याप्रमाणे वागविण्याच्या सोयीस व्हीलॅन म्हणतात. १९९८ च्या ८०२.१क्यू या प्रमाणानुसार फ्रेमला १२ बिटांचा गटक्रमांक जोडला जातो. त्यामुळे १ ते ४,०९४ पर्यंतचे क्रमांक वापरता येतात. रुग्णालयात वैद्यकीय उपकरणे, लेखाविभाग, कॅमेरे व अभ्यागतांची बिनतारी सेवा यांचे चार गट केले, तर अभ्यागताच्या दूषित संगणकापासून वैद्यकीय उपकरणांस थेट उपद्रव पोहोचत नाही. एका गटातून दुसऱ्या गटात जाण्यासाठी राउटरची परवानगी लागते व तेथे नियम लावता येतात.

अनेक स्विचमध्ये दिलेल्या सूचना तात्काळ अमलात येतात, परंतु त्या कायमच्या साठविण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती देण्याचे राहून गेल्यास स्विच कित्येक महिने सुरळीत चालतो व वीज जाऊन आली, की जुन्या स्थितीवर परततो. तोपर्यंत बदल कोणी व कोणता केला याचाही विसर पडलेला असतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर सूचना साठविणे व त्यांची प्रत अन्य संगणकावर ठेवणे हा नियमच असावा.

बंद वलय : दोन स्विच दोन वेगवेगळ्या तारांनी जोडल्यास किंवा एकाच जोडतारेची दोन्ही टोके भिंतीतील दोन खाचांत घातल्यास बंद वलय तयार होते. सर्वांसाठी असलेली फ्रेम प्रत्येक स्विच अन्य सर्व पोर्टांवर पाठवितो. वलयात ती फिरून परत येते व पुन्हा पाठविली जाते. इंटरनेटच्या पॅकेटमध्ये टप्प्यांची मर्यादा लिहिलेली असते व ती संपली की पॅकेट नष्ट होते. ईथरनेटच्या फ्रेममध्ये अशी मर्यादा नाही. परिणामी काही सेकंदांत फ्रेमांचा पूर येतो, सर्व पोर्टांचे दिवे एकसारखे लुकलुकू लागतात आणि जाळे ठप्प होते.

तथापि एक तार तुटली तरी काम चालावे म्हणून दुसरी तार मुद्दाम जोडणे अनेकदा आवश्यक असते. अशा वेळी स्पॅनिंग ट्री रीती उपयोगी पडते. सर्व स्विच परस्परांस संदेश पाठवून एकास मूळ स्विच निवडतात, त्याच्यापर्यंतचा एकच मार्ग खुला ठेवतात व बाकीचे मार्ग रोखून धरतात. खुला मार्ग तुटल्यास रोखलेला मार्ग उघडला जातो. मूळ रीतीस यासाठी ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारित रीतीत हे काम बहुधा काही सेकंदांच्या आत होते. मूळ स्विचची निवड प्राधान्यांकावरून होते. सर्वांचे अंक सारखेच राहिल्यास ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो निवडला जातो व तो बहुधा कोपऱ्यातील सर्वांत जुना स्विच निघतो. म्हणून मध्यवर्ती स्विचला हेतुपूर्वक लहान अंक देतात. ज्या पोर्टांवर केवळ संगणक असावयाचे, तेथे दुसरा स्विच जोडलेला आढळल्यास पोर्ट आपोआप बंद व्हावे, अशीही सूचना देता येते.

ही रीती मर्यादेत वापरावी लागते, हे बॉस्टन (अमेरिका) येथील बेथ इझ्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये घडलेल्या प्रसंगाने दाखवून दिले. तेथील जाळे वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्याने वाढत गेले होते. स्पॅनिंग ट्रीच्या प्रचलित कालमर्यादा दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त सात स्विच गृहीत धरतात. प्रत्यक्षात काही ठिकाणी हा विस्तार त्यापलीकडे गेला होता. माहितीच्या मोठ्या ओघाने मार्गांचे नियंत्रण कोलमडले व सुमारे चार दिवस जाळे विस्कळित राहिले. त्या काळात औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांच्या मागण्या व अहवाल यांसाठी डॉक्टर व परिचारिकांना कागद व प्रत्यक्ष निरोप यांवर अवलंबून राहावे लागले. रुग्णालयाने ही हकिकत न लपविता जाहीर केली, जाळ्याची नव्याने रचना केली व इतर संस्थांसही त्यापासून बोध घेता आला. जाळे लहान भागांत विभागणे, भाग राउटरच्या रीतीने जोडणे, जाळ्याचा नकाशा अद्ययावत ठेवणे व जाळे नसताना काम कसे चालवावे याची लेखी योजना तयार ठेवणे, हा तो बोध होय.

चालन : स्विच अहोरात्र चालू असतो. त्याच्या दिव्यांवरून जोडणी आहे किंवा नाही व माहिती जात आहे किंवा नाही हे कळते. रंगांचा अर्थ मात्र उत्पादकानुसार बदलतो, म्हणून माहितीपुस्तिका जवळ असावी. मॅनेज्ड स्विचकडून एसएनएमपी या १९८८ पासून प्रचारात असलेल्या पद्धतीने प्रत्येक पोर्टवरील माहितीचा ओघ, सदोष फ्रेमांची संख्या, तापमान व पंख्यांची स्थिती दुरून वाचता येते. जाळे निरोगी असतानाचे हे आकडे नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. नेहमीचे आकडे ठाऊक नसल्यास वेगळे काय घडले हे ओळखता येत नाही.

मजल्यावरील २४ पोर्टांचा सर्व ओघ मध्यवर्ती स्विचकडे एकाच तारेने जात असल्यास ती तार प्रथम तुंबते. दोन वा अधिक तारा एकत्र बांधून त्यांस एकच मार्ग मानण्याची सोय यासाठी असते. मात्र दोन साधनांमधील एक संभाषण सामान्यतः एकाच तारेने जाते. त्यामुळे अशा मार्गाने पुष्कळ जणांचे काम सुधारते, एकट्याचे दुप्पट वेगाने होत नाही. ही जोडणी दोन्ही टोकांच्या स्विचमध्ये सूचना देऊन मगच करावी. अन्यथा बंद वलयाचा धोका संभवतो.

देखभाल : दर आठवड्यास स्विचमधील नोंदी व सदोष फ्रेमांची मोजणी पाहावी. दर तिमाहीस जाळ्या व पंखे यांवरील धूळ काढावी, पंख्याचा आवाज ऐकावा, तारांची टोके घट्ट आहेत याची खात्री करावी. प्रकाशीय तंतूची टोके खास साधनानेच पुसावीत. धुळीचा एक कणही प्रकाश अडवू शकतो. यूपीएसच्या शिसे-अम्ल बॅटऱ्या साधारणपणे तीन ते पाच वर्षांत क्षीण होतात व उष्ण खोलीत त्याहून लवकर. त्यामुळे त्यांची चाचणी ठरावीक काळाने भार देऊन घेतात.

स्विचमधील कायम आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. तिच्यातील दोष व सुरक्षाविषयक उणिवा दूर करणाऱ्या आवृत्त्या उत्पादक वेळोवेळी प्रसृत करतात. नवी आवृत्ती घालण्यापूर्वी तिची टिपणे वाचावीत, कॉन्फिगरेशनची प्रत घ्यावी, शक्य असल्यास कमी महत्त्वाच्या स्विचवर प्रथम ती तपासावी व काम नसलेल्या वेळी बदल करावा. आवृत्ती लिहिली जात असताना वीज गेल्यास स्विच निकामी होऊ शकतो. एकाच जातीचे अनेक स्विच असतील, तर त्यांपैकी एक राखीव ठेवणे व त्यात साठविलेल्या प्रतीवरून कॉन्फिगरेशन घालण्याचा सराव वर्षातून एकदा करणे, हा कामकाजाचा खंड कमी करण्याचा खात्रीचा उपाय आहे. ज्या प्रतीवरून पुनःस्थापना कधीच करून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

बिघाडांचा शोध : शोध नेहमी साध्या कारणांपासून सुरू करावा. एकच साधन बंद असल्यास प्रथम जोडतार बदलून पाहावी, नंतर ते दुसऱ्या पोर्टवर लावावे. दोष तारेबरोबर जातो, पोर्टबरोबर राहतो की साधनाबरोबर जातो यावरून त्याचे स्थान निश्चित होते. एकाच गटातील सर्व साधने बंद असल्यास व्हीलॅनच्या सूचना तपासाव्यात. संपूर्ण मजला बंद असल्यास वीज व मध्यवर्ती जोडणी पाहावी. सर्वच जाळे ठप्प होऊन दिवे एकसारखे लुकलुकत असल्यास बंद वलयाचा संशय घ्यावा व मध्यवर्ती स्विचकडील जोडण्या एकेक करून सोडवाव्यात. जी सोडविताच जाळे पूर्ववत होते, तिच्या पलीकडे वलय असते. जोडणी असूनही काम अतिशय संथ व सदोष फ्रेमांची संख्या वाढती असल्यास तार किंवा टोक खराब असते अथवा दोन टोकांपैकी एक दुतर्फा व दुसरे एकतर्फा वाहतुकीवर ठेवलेले असते. वेग व वाहतुकीची रीत दोन्ही टोकांनी आपापसांत ठरविण्याची सोय चालू ठेवल्यास हा दोष सहसा उद्भवत नाही. घाईघाईने एकाच वेळी अनेक बदल केल्यास मूळ कारण हरवते. म्हणून एक बदल करावा, परिणाम पाहावा व नोंद करावी.

सुरक्षितता : स्विच जोडलेल्यावर विश्वास ठेवतो हे वर सांगितलेच आहे. खोटे पत्ते असलेल्या असंख्य फ्रेम पाठवून त्याचे कोष्टक भरून टाकल्यास तो नव्या पत्त्यांसाठी हबप्रमाणे वागू लागतो व इतरांची माहिती चोरता येते. यावर उपाय म्हणून एका पोर्टवर किती पत्ते असावेत यास मर्यादा घालतात. वापरात नसलेली पोर्ट बंद ठेवतात. ओळख पटल्यावाचून पोर्ट उघडू नये अशी तरतूद २००१ च्या ८०२.१एक्स या प्रमाणात आहे. देखरेखीसाठी वेगळा गट ठेवून तेथे मोजक्यांनाच प्रवेश देतात आणि टेलनेटसारख्या उघड्या मार्गाऐवजी संदेश सांकेतिक करणाऱ्या एसएसएच या मार्गाचा वापर करतात. रॅकला कुलूप असणे हाही सुरक्षिततेचाच भाग होय. स्विचला हात लावू शकणारा मनुष्य बहुधा त्याचा परवलीचा शब्दही पुसू शकतो.

निवृत्ती : उत्पादकाने नव्या आवृत्त्या देणे थांबविल्यानंतर स्विच चालत असला तरी त्यातील उणिवा दुरुस्त होत नाहीत, म्हणून त्या मुदतीपूर्वीच बदलाची तरतूद करावी. काढून टाकलेल्या स्विचमध्ये जाळ्याची रचना व परवलीचे शब्द शिल्लक असतात. ते पुसल्याखेरीज तो कोणाकडेही देऊ नये. भारतात अशी उपकरणे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनश्चक्रकाकडे सोपवावी लागतात. नव्या स्विचची जोडणी करताना जुन्याचा नकाशा, तारांची वही व कॉन्फिगरेशनची प्रत हाती असल्यास हे काम काही तासांत आटोपते. ती नसल्यास प्रत्येक तार पुन्हा शोधावी लागते व तोवर संस्थेचे काम खोळंबून राहते.